छापण्याआधी एकदा बघून घ्या

आमच्या दुकानातली रद्दी दर महिन्याला भंगारवाला उचलतो. किस्से मात्र कुणी उचलत नाही, म्हणून ते साठतच जातात! दुकान तळवड्यात, माझी नात प्रज्ञा हिचं. कंपनीतली नोकरी सोडून टाकलेलं. पत्रिका, कार्डं, स्टिकर, फ्लेक्स, सगळं ती कॉम्प्युटरवर जुळवते आणि फाइल प्रेसला पाठवते. एकदा गेली की गेली! बोललेला शब्द एखादवेळ गिळता येतो, कागदावर बसलेली शाई नाही. मी शाळेची पायरी चढले नाही, पण स्टुलावर बसून सगळं बघते आणि बघितलेलं विसरत नाही.

*

पहिला घाव घरचाच. वस्तीतल्या विहाराची जयंतीची पत्रिका. विहाराचे सेक्रेटरी गायकवाड काका, कंपनीतून रिटायर झालेले, शिस्तीला कडक. स्क्रीनवर निळा रंग असा झळाळत होता की काका म्हणाले, "हाच पायजे!"

गठ्ठा सोडला, तर आत सगळा जांभळा!

प्रज्ञा रडकुंडीला आली. "काका, स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. मी आधी नमुना काढायला हवा होता."

काकांनी पत्रिका उलटसुलट करून बघितली. "पोरी, जयंती काय वांग्याची हाय का?"

झालं! वस्तीची कामं निगडीच्या दुकानात जायला लागली. वस्तीच्या भरवशावर तर दुकान टाकलेलं! काका रोज दारावरून जायचे, पण हाक मारली तरी मान वळवायचे नाहीत.

तेव्हापासून प्रज्ञाचा नियम. आधी कागदावर नमुना, गिऱ्हाइकानं तो तपासायचा, खाली सही करायची, मगच फाइल जाणार.

*

पण नियमाला न जुमानणारेही असतात. पलीकडच्या गॅरेजवाल्या इक्बालभाईंचं कार्ड. प्रज्ञा सांगत होती, "नंबर अगदी कडेला नको, कटिंगमध्ये जाईल." इक्बालभाई म्हणाले, "अरे बेटा, नंबर बडा दिखना चाहिए!" आणि ठोकली सही.

कार्डं कापून आली. हजार कार्डं, आणि शेवटचा आकडा सगळ्यांवरून गायब!

इक्बालभाईंनी कार्ड लांब धरून बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "कोई बात नहीं, दादी. जिसकी गाडी सचमुच बंद पडेगी, वो दस बार लगाके देखेगा!"

*

पुनावळ्याच्या एका भाऊंचा वाढदिवस होता. कार्यकर्ता ग्रुप फोटो घेऊन आला, "बाकीचे उडवा, भाऊ तेवढे ठेवा." प्रज्ञानं बाकीचे उडवले. नमुना बघून मीच ओरडले, "अगं बाई, ह्यांच्या खांद्यावर हात कुणाचा?"

नुसता हात! अंगठीसकट!

कार्यकर्त्याचा चेहरा पडला. "आजी, त्यो मागच्या महिन्यात आमची पार्टी सोडून गेलेल्याचा हाय."

"मग पुसून टाक की!" मी प्रज्ञाला म्हटलं.

प्रज्ञा म्हणाली, "त्याच्याखाली खांदाच नाही, नवीन बनवायला दिवस जाईल."

"दिवस न्हाई! फ्लेक्स उद्या चढवायचाय." त्यानं सही केली. "असू द्या, आजी. हात हाय, पण माणूस तर न्हाई ना दिसत!"

*

चाकणच्या एका कंपनीचे स्टिकर होते, पार्टांच्या खोक्यांवर लावायचे. कुठून कापायचं ते मशीनला कळावं म्हणून फाइलमध्ये एक गुलाबी रेघ असते. ती छापायची नसते. ती छापली गेली! सगळ्या स्टिकरांना गुलाबी काठ!

प्रज्ञा जेवली नाही. दुपारी कंपनीच्या साहेबांचा फोन. "मॅडम, या वेळी ती गुलाबी बॉर्डर दिलीत..."

"सॉरी सर, चूक माझी..."

"चूक कसली? लांबून उठून दिसते! पुढच्या लॉटलाही ठेवा."

आता ती दर वेळी दोन रेघा काढते. एक छापायला, एक कापायला!

*

एवढं करूनही वस्तीचं एक काम दुकानात येईना. प्रज्ञा म्हणाली, "आजी, दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर परत कंपनीत."

आणि एका सकाळी गायकवाड काका पायरी चढून आत आले! हातात पाकीट.

"श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचाय."

मी उभीच राहिले. "कोण गेलं हो, भाऊजी?"

"अजून कुणी न्हाई."

पाकिटातून फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. स्टुडिओत काढलेला, कोट घातलेला. त्यांचाच! प्रज्ञाचा माऊसवरचा हात तिथंच थांबला.

"अहो, काहीतरीच काय बोलता!" मी म्हटलं.

"वहिनी, आमची मंडळी गेली तेव्हा पोरांनी घाईत मोबाईलवरचा कसला तरी फोटो दिला. निगडीतनं फ्लेक्स आला, तर तिचं तोंड सगळं चौकटी-चौकटीचं. लोक विचारत होते, ही कोण? माझं तसं नको." मग प्रज्ञाकडं बघून म्हणाले, "तू आता नमुना दाखवतीस म्हणं."

प्रज्ञानं फाइल केली. नाव, फोटो, खाली मुलांची नावं. तारखेची जागा मोकळी. नमुना काढून काकांपुढं ठेवला.

काकांनी चष्मा पुसला. एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. "फोटो जरा वर घे. हार घातला की हनुवटी झाकंल."

तिनं घेतला. दुसरा नमुना काढला. काकांनी खिशातून पेन काढलं, खाली लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे', आणि सही ठोकली.

"ही फाइल जपून ठेव, पोरी. पोरं ऐन वेळी दुसरीकडं जाऊ म्हणतील. त्यांना ही सही दाखव."