हळदी-कुंकू बदक

समुद्रपूरकडच्या आमच्या गावाच्या तलावावर एक बदक बारा महिने असे. अंगाने मातकट, पण काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोच कपाळाला लागते तिथे दोन लाल ठिपके. म्हणून ते हळदी-कुंकू बदक. हे मला काकूने सांगितलं. शेजारच्या घरातली ही माझी चुलत काकू. तिचा नवरा पटकीने गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

ती तलावावर धुणं धुवायची आणि मी काठावर बसून चोंबडेपणा करायची. पन्नास सालानंतरची गोष्ट, मी चौथीत होते. त्या हिवाळ्यात कुणीतरी जोडीतलं एक बदक बंदुकीने मारलं होतं. उरलेलं एकटंच फिरायचं.

"काकू, हिचा नवरा मेला ना? मंग हिचं कुंकू काऊन नाई पुसलं?"

"पाखराचं कोन पुसते वं," ती म्हणाली आणि लुगडं पिळत राहिली.

असले ठिपके नरालाही असतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच डोक्यात बसलं की नवरा गेला तरी कुंकू राहू शकतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, त्यातली मी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आईने मला घरोघर पाठवलं. कोणाला बोलवायचं नाही, हे गावात सांगावं लागत नसे. तरी मी काकूच्या दारात गेले.

"तुह्या मायनं सांगतलं?" तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा खोटं बोलले.

ती आली. पेटीतलं लुगडं नेसून सतरंजीच्या टोकाला बसली. एकेकीच्या कपाळाला बोट लावत आई तिच्यापर्यंत पोचली आणि तिचा हात थांबला. काकूने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता माझं नाव सांगेल, असं मला वाटलं. सांगायलाच हवं होतं तिने. मला धपाटे मिळायला हवे होते.

"मी तं भांडे घासाले आली व्हती, बाई," ती आईला म्हणाली. पदर खोचून उठली आणि मागच्या अंगणात राखेत बसली.

त्या दिवसाची लाज मला आजही वाटते. आईला मात्र ते खरंच वाटलं असावं. पुढच्या संक्रांतीपासून ती काकूला भांड्यांसाठी बोलवू लागली, आणि ते बोलावणं घेऊन मीच जायची.