माणसांचे ढीग लावणारी पोरगी

बायको आतड्याच्या कॅन्सरनं गेली, त्याच दिवाळीत एक पोरगी आमच्या बीबी गावात, घरी त्या आजाराची माहिती घ्यायला आली. नाव सांगितलं असेल, माझ्या ध्यानात नाही. चष्मा मनगटानं वर सारायची आणि ‘संडासातून रक्त जायचं का?’ हे ‘चहात साखर किती?’ म्हणावं तसं विचारायची.

मी कापसातला डागी कापूस वेगळा काढत बसलो होतो. म्हटलं, “हे इचारून करतं काय वं तू?”

“तुम्ही करता तेच, आजोबा. सारख्या माणसांचे ढीग कॉम्प्युटर लावतो. आजारी कोण, हे त्याला सांगतच नाही. मग पाहायचं, रोग कोणत्या ढिगात जास्त.”

मी ताडकन उठलो. लोक तर म्हणत, बायकोचे भोग होते! “मंग माही बायको कोन्त्या ढिगात?”

“ते कळायला वेळ लागेल. पण तिची आई अन् मावशीही यानंच गेल्या म्हणता. तुमच्या मुलीची तपासणी ढिगांसाठी थांबवू नका.”

मी लगेच मलकापूरला माझ्या पोरीला फोन लावला, तपासणी करून घे म्हटलं.

“बाबा, मले काय झालं?”

“काई झालं नाई, तवाच जाय म्हनतो!”

चष्मेवाल्या पोरीनं पेन ठेवला, फोन मागून घेतला. “ताई, बाबा बरोबर सांगतायत.”