कापाच्या बरणीवरचा हातमोजा

हातमोजा काही केल्या उभा राहीना.

चुलीच्या पाठीवर, जिथे थंडीत माणसं झोपतात त्या ओट्यावर, कापाने मोठी काचेची बरणी ठेवली होती. बरणीला नवऱ्याचा, लिओंतीचा, मेंढीच्या कातड्याचा कोट गुंडाळला होता. बरणीच्या तोंडावर रबरी हातमोजा बांधून त्याच्या एका बोटाला सुईने भोक पाडलं होतं. आतलं साखरेचं रसायन आंबू लागलं की मोजा फुगतो, पाच बोटं वर करून उभा राहतो. आंबून झालं की मान टाकतो. मग ते भट्टीवर चढवून गाळायचं. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. कापाचा मोजा मात्र ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

"ऊठ की मेल्या," ती खालून ओरडली.

लिओंतीला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या जेवणाला मेलेल्या माणसाचा पेला भरून ठेवायचा आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा झाकायचा, ही त्या रशियन खेड्यातली रीत. पण पेल्यात ओतायचं काय? दुकानातली व्होडका लिओंतीने हयातीत तोंडाला लावली नव्हती. त्याची घरची असायची, आणि ती प्यायला लोक नदीपलीकडून यायचे. कापाने देवळाच्या पायरीवर चारचौघांत सांगून टाकलं होतं, "त्याच्या पेल्यात त्याचीच पडेल. मी करीन."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. कारण हीच कापा जन्मभर त्या दारूच्या नावाने कडाकडा बोटं मोडत आली होती. देवाधर्माची बाई, उपास काटेकोर पाळणारी. लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने नवऱ्याला बजावलं होतं, "त्या घाणीचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." लिओंती शब्दाला जागला. नाव कधी काढलं नाही, दारू मात्र दर वर्षी गाळली. तो बरणीशी खुडबुड करायला लागला की कापा भिंतीकडे तोंड करून विणत बसायची. त्यामुळे आज तिला जे येत होतं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलेलं तेवढंच.

पहिल्या खेपेला तिने साखर, पाणी आणि यीस्ट घातलं. बरणी देवळातल्या मूर्तीसारखी गप्प राहिली.

शेजारची फाईना बघायला आली. चुलीपाशी बूड टेकायच्या आधीच तिची जीभ सुटली.

"नुसती साखर घातलीस? अगं, नुसत्या साखरेवर तू तरी जगशील का? यीस्टलाही जेवण लागतं. पावाच्या कडा घाल, बेदाणे घाल. लिओंती घालायचा ना?"

"घालायचा असेल."

"असेल काय? एकाच घरात राहत होतीस ना त्याच्या?"

कापाने तिला चहा दिला, पण मुरंबा काही पुढे केला नाही.

दुसऱ्या खेपेला तिने काळ्या पावाच्या कडा उकळून त्यांचं पाणी घातलं, मूठभर बेदाणे घातले. रात्री वरून बुडबुड ऐकू आली तशी ती अंथरुणातच क्रूसाची खूण करून मोकळी झाली. सकाळी मोज्याचं एकच बोट जरा वाकडं उभं होतं. दुपारी तेही पडलं. मग बरणीला असा आंबूस, कुजका वास सुटला की मांजर घर सोडून गोठ्यात गेलं.

लिओंतीचा धाकटा भाऊ गेरासिम आला, त्याने बरणीत नाक घातलं आणि लगेच काढलं.

"वहिनी, दादा हे प्यायला असता तर दोन वर्षं आधीच गेला असता."

"चहाटळपणा पुरे. काय चुकलं ते सांग."

"मला काय ठाऊक? दादा कुणाला जवळ फिरकू द्यायचा होय? मला एवढंच म्हणायचा, गेऱ्या, तू पी." त्याने डोकं खाजवलं. "टोमॅटोची चटणी घालून बघ. लोक घालतात. पण खरं सांगू का, दुकानातली आण. पेल्यावर पाव झाकला की आत काय आहे ते कोण बघतंय?"

"तो बघेल," कापा म्हणाली. गेरासिम टोपी घालून निघून गेला.

तिसऱ्या खेपेला टोमॅटो, पावाच्या कडा, बेदाणे, सगळंच घातलं. यीस्ट ताजं आणलं. बरणी सोड्याने धुतली. देवाच्या कोपऱ्यातल्या समईपुढे उभी राहिली खरी, पण दारू आंबू दे असं मागायला जीभ रेटेना. म्हणून तिने लिओंतीच्या आत्म्याला शांती मागितली आणि जाता जाता म्हणाली, "आणि बाकीचं तुला दिसतंच आहे."

बाकीचं जसंच्या तसं. मोजा लोंबतच राहिला.

कापाचा असा संताप झाला की तिने चुलीत आणखी दोन ओंडके कोंबले. निदान ऊब तरी होती. लिओंती असताना दर हिवाळ्यात ती कुडकुडायची. ऐन गारठ्यात तो चूल अर्धवट पेटवायचा आणि तिने लाकूड उचललं की ओरडायचा, "हात लावू नकोस!" लाकडाची रास छपराला टेकलेली आणि हा चिक्कू माणूस बायकोला घरात शाल पांघरायला लावतो, हे तिचं त्याच्या ओरडण्यासकट सगळ्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना सांगून झालं होतं. तो गेल्यापासून ती चूल पोटभर पेटवत होती. घर भाकरीसारखं गरम.

बरणी फेकून द्यायची म्हणून ती ओट्यावर चढली. कोटाच्या आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. काच पोळत होती.

ती तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली. तिला लिओंती दिसला, रोज सकाळी ओट्यावर चढून बरणीला गाल लावणारा. तिला वाटायचं, बघा, बायकोला कधी एवढ्या मायेने गाल लावला नाही. तो ऊब बघत होता! ताप नसलेल्या मुलाच्या अंगाएवढी ऊब. त्यापुढे गेलं की यीस्ट शिजून मरणार. चूल म्हणून अर्धी. लाकूड म्हणून मोजून.

"अरे मग सांगायचं नाही?" ती रिकाम्या घरात ओरडली. "तोंड शिवलं होतं का तुझं?"

ते कुणी शिवलं होतं हे तिचं तिलाच आठवलं, आणि ती मुकाट्याने खाली उतरली.

चौथ्या खेपेला तिने पावाचं पाणी निवू दिलं, बरणीवरचा कोट काढून स्वतःच्या अंगात घातला आणि चूल लिओंतीसारखी पेटवली. रात्री दात वाजत होते. रोज सकाळी ओट्यावर चढून, इकडेतिकडे बघून, ती काचेला गाल लावायची. आणि एका सकाळी मोजा उभा होता. पाचही बोटं, ताठ.

पण वर्षाचं जेवण त्याच दिवशी होतं. ते रसायन गाळण्याजोगं व्हायला अजून बराच अवकाश होता.

माणसं जमली. गव्हाची गोड खीर, घावन, मासे, सगळं मांडलं होतं. मधोमध लिओंतीचा पेला, रिकामा. बाकीच्यांपुढे दुकानातली व्होडका.

"काय गं हे," फाईना हात चोळत म्हणाली, "चूल विझली की काय? श्वास दिसतोय माझा."

"कोट काढू नका," कापा म्हणाली.

"आणि पेला? गाजावाजा तर केवढा केला होतास."

कापा उठली, ओट्यावर चढली, मोज्याची एक कड उचलून डावभर गढूळ, फसफसतं रसायन काढून आणलं आणि पेल्यात ओतलं. वर पाव ठेवला. पावाखाली फेस चुरचुरत होता.

"कच्चं आहे," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "पण जितं आहे."

गेरासिमने नाक ओढलं, बोटांवर फुंकर मारली आणि चुलीपाशी जाऊन हळूच एक ओंडका उचलला.

"हात लावू नकोस!" कापा ओरडली.

ओंडका गेरासिमच्या हातात तसाच राहिला. सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं. मग फाईनाला हसू फुटलं, तिने ते डोक्याच्या रुमालात दाबलं, पण दबेना. गेरासिमने ओंडका जागेवर नेऊन ठेवला, अगदी जपून, आणि बाहीने डोळे पुसले.

"आलो दादा, बसलो," तो म्हणाला आणि कोटाची कॉलर वर करून बसला.

कापाने खिरीचं पातेलं उचललं. "वाढते आहे," ती फणकारली, "थंड व्हायच्या आत खा."