पालथं ताट

माझा जन्म पोळ्याच्या करीचा. शाळेत मास्तरांनी टाकलेली तारीख भलतीच होती, पण आईला पक्कं आठवत होतं की आदल्या दिवशी गावात बैल मिरवले आणि दुसऱ्या दिवशी, घरोघरी मटण शिजत असताना, मी झाले. "खायाच्या दिवशीच आली भवानी," असं ती म्हणायची. त्यामुळे वाढदिवस म्हणजे मटण, हे माझ्या डोक्यात लहानपणीच बसलं होतं.

आणि परभणीत आम्ही भाड्यानं राहत होतो तिथं मटणाचं नाव काढायची सोय नव्हती. घरमालक लिंगायत, कापडाचे व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि ढेकर आला की मोठ्यानं "शिव शिव". तो ढेकर भिंतीपलीकडून आमच्या खोलीत ऐकू यायचा. खोली देताना त्यांनी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एवढंच विचारलं होतं, "मटन-मासळी चालनार न्हाई बरं का. तुमी करता का?" दादा म्हणाले, "घरात करत नाही." पुढचा प्रश्न मालकांनी विचारला नाही. आमचं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. दादा कृषी विद्यापीठात कारकून, अंगात इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकातलं. मालकांनी मनातल्या मनात आमची जात ठरवून टाकली आणि दादांनी ती खोडली नाही.

आम्ही बौद्ध. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटली तेव्हा आमची गल्ली जळाली आणि तिच्यात आमचं घर गेलं. त्याला दोन वर्षं होत आली होती. दादांनी मला आणि आईला एसटीत बसवून आणलं ते परत न जाण्यासाठी. ही खोली गेली तर डोकं टेकायला जागा नव्हती, आणि दुसरी शोधायची तर पुन्हा तोच प्रश्न कुणीतरी नीट विचारणार होतं. म्हणून घरात कायदे झाले. 'माय' म्हणायचं नाही, 'आई' म्हणायचं. 'हाय' नाही, 'आहे'. गावाकडचं कुणी भेटायला आलं तर दादा त्याला परस्पर स्टॅंडवरच गाठायचे. मला हे सगळं नाटकासारखं वाटायचं आणि कधीकधी रागही यायचा, पण आईच्या तोंडाकडं पाहिलं की राग गिळावा लागे.

आईला या घरात एकच गोष्ट मनापासून आवडली होती. मालकीणबाई दर सोमवारी महादेवाला दाखवलेला शिरा वाटीत घालून आणायच्या आणि ती वाटी आईच्या हातात द्यायच्या. हातात. बोटाला बोट लागायचं. गावात आईला कुणी काही दिलं तर ते वरून पदरात टाकलेलं असायचं. मंगळवारी आई ती वाटी घासून, चिमूटभर साखर घालून परत करायची, आणि त्या साखरेसाठी डब्याच्या तळाशी थोडी राखून ठेवायची.

तर त्या वर्षी दादांच्या साहेबांनी आपल्या लेकीचा वाढदिवस स्टेशनकडच्या एका मोठ्या हॉटेलात केला. दादांना ते लागलं. "माझी पोर काय रस्त्यावर पडली होय?" असं शुद्ध बोलायचं विसरून ते म्हणाले. कर रविवारी आली होती. आईनं लय विनवलं, "नगं, कुनीतरी बघंल." दादा म्हणाले, "मटण खाणारा माणूस तिथं येणार. मालक कशाला येतील?" हे मलासुद्धा पटलं.

असं हॉटेल मी कधी पाहिलं नव्हतं. काचेचं दार, टेबलावर पांढरी चादर, आणि बायकामाणसांसाठी, नाहीतर कुणाला दिसायचं नसेल त्यांच्यासाठी, फळ्यांच्या आडोशानं केलेल्या खोल्या, पुढं जाड पडदा. हॉटेलवाल्यांचे वाडवडील हैदराबादचे. मागच्या अंगणात निखाऱ्यांवर काळ्या दगडाची फरशी तापलेली असायची आणि तिच्यावर मटणाचे पातळ, ठेचलेले तुकडे चरचरत भाजायचे. पत्थर का गोश्त म्हणतात ते हेच. वेटरनं ते मोठ्या ताटातून आणलं, वर कांदा, लिंबू, आणि शेजारी काटा-चमचा. दादांनी काटा डाव्या हातात धरला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की बघ, बाप काय चीज आहे. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती तिखट, किती मऊ. आईसुद्धा हसली.

एवढ्यात फळीच्या पलीकडं कुणीतरी सणसणीत ढेकर दिला आणि म्हणालं, "शिव शिव."

दादांचा काटा तोंडाजवळच थांबला. आईनं पदर पुढं ओढला. माझा घास घशात अडकला आणि मला खोकला येणार म्हणून आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. पलीकडं मालक वेटरला सांगत होते, "अजून एक पलेट आन रे. उद्यापासून मंग हायेच भाजी-भाकर." मला एवढं आठवतंय की मी टेबलाखाली पाय एकमेकांत अडकवून धरले होते. दादांनी खुणेनं सांगितलं, बसून राहा. ते गेले की निघू.

आम्ही बसून राहिलो. मटण गार झालं, त्याच्यावर चरबीची साय धरली. कुणी हात लावला नाही. दर थोड्या वेळानं ढेकर, दर ढेकराला शिव शिव. आता हसू येतं. तेव्हा मला वाटत होतं की तो पडदा बाजूला होईल, मालक आत डोकावतील, आणि आमचं सामान संध्याकाळच्या आत रस्त्यावर येईल. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, चपला वाजल्या, आणि सगळं शांत झालं. दादा वेटरला हाक मारायला पडद्याबाहेर गेले.

आईचं भानच राहिलं नव्हतं. भेदरलेलं माणूस जे आयुष्यभर केलं तेच करतं. तिनं आमच्या ताटांतलं उरलेलं मटण मोठ्या ताटात सारलं, ताटं एकावर एक ठेवली, उचलली आणि बाहेर निघाली. मला वाटलं, वेटरला द्यायला चालली. मी मागं गेले. बाहेर कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं. आईनं तिथं ताटं धरली, बोटांनी खसाखसा चोळून धुतली, पाणी निथळवलं, आणि खाली वाकून भिंतीच्या कडेला, जमिनीवर, पालथी घालून ठेवली. गावात पाटलाच्या अंगणात जेवली की ती असंच करायची. चहाच्या हॉटेलातही आमची कपबशी बाहेर वेगळी टांगलेली असायची, आपली आपण धुवून जागेवर ठेवायची.

"अम्मा, ये क्या कररे तुम? रहने दो ना," वेटर धावत आला.

आणि बेसिनच्या दुसऱ्या बाजूला, बडीशेप चघळत, मालक उभे होते. ते गेलेच नव्हते.

त्यांनी आईकडं पाहिलं. मग माझ्याकडं, मग धावत आलेल्या दादांकडं. मग खाली, त्या पालथ्या ताटांकडं, आणि तिथं त्यांची नजर थांबली. मालक मूळचे देवगाव फाट्याकडच्या खेड्यातले. भिंतीच्या कडेला पालथं घातलेलं ताट म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आई भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातांतून पाणी ठिबकत होतं. मला तिथंच रडू फुटलं.

मालकांनी गळ्यातलं लिंग सदऱ्यावरून हातानं चाचपलं. मग दादांच्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाबूसाब, आज मी हितं न्हवतो."

"नाही मालक," दादा कसेबसे म्हणाले.

"मंग तुमी बी न्हवता. झालं." आणि ते काचेचं दार ढकलून निघून गेले.

परत येताना रिक्षात मी डोळे पुसत विचारलं, "दादा, आता ते सांगणार नाहीत ना? त्यांनीपण खाल्लं ना?" मला ते सरळ वाटत होतं. त्यांची चोरी आम्ही पाहिली, आमची त्यांनी.

"त्यांचं कळलं तर बायको चार दिवस बोलायची न्हाई," दादा म्हणाले. "आपलं कळलं तर..." 'न्हाई' म्हटल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आई सकाळपासून दारातच होती, उगाच उंबरा पुसत. मालकांच्या घरात घंटी वाजली, आरती झाली. मालकीणबाई वाटी घेऊन अंगणात आल्या. मला दिसत होतं, आई वाटीकडं बघत नव्हती, बाईंच्या तोंडाकडंही नाही. ती फक्त त्यांच्या हातांकडं बघत होती, ते खाली उंबऱ्याकडं वाकतात का म्हणून.

"आज गूळ जरा जास्तच पडला बघा," म्हणत बाईंनी वाटी आईच्या हातात दिली. बोटाला बोट लागलं.

मालकांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुढंही कधी सांगितलं नाही, आणि त्या खोलीत आम्ही आणखी कितीतरी वर्षं काढली. पण दर सोमवारी घंटी वाजली की आई हातातलं काम टाकून दारात जायची आणि तशीच बाईंच्या हातांकडं बघत उभी राहायची. वाटी हातात आली की तो आठवडा आमचा.