वहिनींची प्रदक्षिणा

शेंडीहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारचा ड्रायव्हर मला शोधत संगमनेरच्या आमच्या शाळेच्या फाटकाशी आला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. "मास्तर, शेंडीच्या वैनी गेल्या. काल सांजच्याला. तापानं." मग थोडं थांबून म्हणाला, "लडाईत पेट्रोल मिळंना म्हून कोळशावर गाडी रखडत चालवत हुतो, तवा लोक मला निस्ते शिव्या द्यायचे. वैनींनीच इचारलं, कोळशावर गाडी चालती तरी कशी? म्या भट्टी उघडून दावली त्यांला." मी त्याच्याच गाडीत चढलो. त्याला आता महिना-दीड महिना झाला…

माझे थोरले भाऊ अण्णा शेंडीच्या शाळेत मास्तर. घराच्या मागच्या दाराला एक दगडी पायरी, आणि तिच्यावर बसलं की समोर कळसूबाईचा डोंगर. वहिनी तांदूळ निवडायला तिथेच बसायच्या. सुपापेक्षा लक्ष डोंगराकडे जास्त, त्यामुळे आमच्या भातात खडे असायचे. "पलीकडे काय असेल हो?" असं त्यांनी विचारलं, की अण्णा भूगोलाच्या तासाला शोभेल असं उत्तर द्यायचे, "नाशिक जिल्हा." वहिनी म्हणायच्या, "ते ठाऊक आहे मला. पण दिसतं काय?" यावर अण्णा वह्या तपासायला घ्यायचे. डोंगरावर जायचा विषय निघाला, की मात्र त्यांचं उत्तर तयार असायचं. बाईमाणसाचं तिथे काय काम, हेच.

लढाईच्या दिवसांत एकदा दिवाळीच्या सुटीत मी शेंडीला गेलो होतो. जेवणं चालली होती. वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "मी कळसूबाईला नवस बोललेय. डोंगराची प्रदक्षिणा. इकडून चढायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, पलीकडून उतरायचं आणि वळसा घालून घरी." अण्णांनी विचारलं, "कसला नवस?" त्या म्हणाल्या, "तो सांगायचा नसतो." अण्णांनी खाली मान घातली आणि आईने डोळ्यांना पदर लावला. वहिनींच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. कसला नवस ते सगळ्यांनी आपापलं ओळखलं. सोबतीला अर्थात मी. सुटीत लोळायचा माझा बेत होता, तो असा पाण्यात गेला.

पहाटे निघताना आईने ओटीचं सामान वहिनींच्या हाती दिलं आणि ती डोंगराकडे बघून म्हणाली, "आई, माझ्या सुनेची ओटी भर गं." वहिनींचा चेहरा एकदम उतरला. मला त्याचं कारण तेव्हा कळलं नाही.

बारी गावातून आम्ही चढायला लागलो. नवसाचं म्हणून वहिनी अनवाणी. नऊवारीचा ओचा वर खोचून त्या पुढे, आणि वहाणा घालून धापा टाकत मी मागे. कातळात खोदलेल्या पावठ्यांवर मी दोन्ही हातांनी खडक धरून थांबलो, तेव्हा वरून आवाज आला, "भाऊजी, खाली बघू नका. मी बघतेय, मग सांगते तुम्हाला!" मला राग आला आणि हसूही आलं. माथ्यावर वारा उभं राहू देत नव्हता. देवळात त्यांनी आईचा नारळ ठेवला, ओटी भरली आणि लगेच पलीकडच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. खूप लांब, आगगाडीचा असावा असा धूर दिसत होता.

"वहिनी, काय मागितलंत?"

"आईंनी सांगितलं ते आईंच्या वतीने मागितलं. माझं काही मागणं नव्हतं. मला फक्त बघायचं होतं…" मग हळूच म्हणाल्या, "घरी बोलू नका हं. या घरात पहिल्यांदाच मला कुणी अडवलं नाही."

पलीकडे उतरलो तिथे एक वाडी होती. एका बाईने आम्हाला पाणी दिलं. आम्ही कुठून आलो ते ऐकून ती डोंगराकडे बोट करत म्हणाली, "बाई, त्या अंगाला काय हाय वं? जल्म हितं गेला, पर म्या काय बगितलं न्हाई." वहिनी खुलल्याच. आमच्या गावाजवळचं धरण, त्याचं पाणी, आमची पायरी, सगळं सांगत बसल्या. मी घाई केली म्हणून उठल्या. डोंगराला वळसा घालून, घाट चढून घरी पोचलो तेव्हा त्यांचे तळवे सोलून निघाले होते.

मूल झालं नाही. बायका हळहळायच्या, "नवस काही फळला नाही हो." वहिनी हसून म्हणायच्या, "फळला की!" मग बायका एकमेकींकडे बघायच्या.

तेराव्यानंतर अण्णा त्या पायरीवर एका कडेला अंग चोरून बसले होते. वहिनींची जागा मोकळीच होती. मी उभाच राहिलो. ते म्हणाले, "तुला ठाऊक असेल. देवीने तिला नाही म्हटलं, तरी ती नवस फळला म्हणायची. मला कुणी बोल लावू नये म्हणून म्हणायची का रे? मी तिला कधी विचारलं नाही…" इतकी वर्षं हे ओझं घेऊन माझा भाऊ वावरत होता. मला राहवलं नाही. वहिनींनी काहीच मागितलं नव्हतं, त्यांना फक्त पलीकडे काय आहे ते बघायचं होतं, असं मी सांगून टाकलं.

ते रागावतील असं मला वाटलं. त्यांनी डोंगराकडे तोंड वळवलं.

"मग… काय होतं पलीकडे?"

"एक बाई होती. ती विचारत होती, इकडे काय आहे."

अण्णा हसले आणि मग रडले. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पायातल्या वहाणांकडे पाहिलं.

"अनवाणीच जावं लागतं का रे?" त्यांनी विचारलं.