दर पाच सेकंदांनी लिहून घेणारे माणिकराव

इसम: माणिकराव साळवे, संगणक चालक, कापूस खरेदी केंद्र, सेलू. काळ: विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षाचा हंगाम. साक्षीदार: हमाल शेख बाबू, आणि केंद्राच्या खिडकीशी टेबल मांडून बसणारा मी, अर्जनवीस.

माणिकराव चहासाठी उठले तरी आधी संगणकाला 'आत्ताच लिही' हा एकच हुकूम तीनदा टंकून देत. मी कारण विचारले. म्हणाले, "मुन्शीजी, ह्ये आदी ध्यानात ठिवतंय, मग सवडीनं डिस्कवर लिवतंय. मधीच लाईट गेली की ध्यानातलं गेलं. गाडीवाल्याचा रांगेतला नंबर गेला तर त्याचा दिस गेला." सवडीची ती मुदत तीस सेकंदांची होती. सेलूची वीज ओळखून त्यांनी ती पाचावर आणली होती.

त्यामुळे यंत्र मंदावले. केंद्र पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर रांग लांब दिसते म्हणून व्यवस्थापकसाहेबांनी मुदत दहा मिनिटे करण्यास तोंडी फर्मावले. माणिकरावांनी लेखी आदेश मागितला. साहेब शेख बाबूसह सर्वांदेखत म्हणाले, "तुमा लोकायला आता सगळंच लेखी लागायलंय."

माझ्याकडून हरकतीचा अर्ज लिहून घेऊन माणिकरावांनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि नोकरीच्या धाकाने मुदत बदलली. प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या, हे सांगण्यास मी चुकलो. वीस वर्षे अर्ज लिहिणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याचा संताप मला आजही आवरत नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. चौदा गाड्यांचे नंबर नाहीसे झाले. माणिकरावांच्या हातच्या चिठ्ठ्या गाडीवाल्यांपाशी होत्या; परंतु यंत्रात नाही तो आलाच नाही, असे ठरवून साहेबांनी चौदाही गाड्या रांगेच्या शेपटाला लावल्या. अर्ज मिळाल्याचेही नाकारले. 'चालकाचा निष्काळजीपणा' असा शेरा मारून माणिकरावांना काढून टाकले.

मी तिथेच त्यांच्या बाजूने दुसरा अर्ज लिहावयास घेतला. त्यांनी माझा हात धरला. "माझं ऱ्हाऊ द्या. त्या चौदा गाड्या पुढं घ्या म्हून लिवा."

तसा लिहिला. कोणी वाचला नाही.

गेल्या पावसाळ्यात माणिकराव ताडकळसला वारले. शेरा हयात आहे.

सबब, तो शेरा कोणाच्या हुकुमामुळे पडला याची चौकशी व्हावी, तो खोडण्यात यावा, आणि उत्तर त्यांच्या पत्नी गयाबाई साळवे, मुक्काम ताडकळस, यांच्याकडे धाडावे. उत्तर येईतो मी दर महिन्यास हाच अर्ज करीन.