पुस्तक उलटं धरणारी बाई

ट्रेनिंग संपवून मी सोलापुरात आले तेव्हा मला विसावं सरत होतं. गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग भरे, तो माझ्याकडे आला. पहिली पाळी करून बायका थेट वर्गात येत. केसांत कापसाचे तंतू तसेच असत.

तिसऱ्या दिवशी चाळिशीची एक नवी बाई आली. मी तिच्या हातात पुस्तक दिलं, तर तिनं ते उलटं फिरवलं. मी सरळ केलं. तिनं पुन्हा उलटं केलं. बायका हसल्या, आणि माझा तोल गेला.

"अहो, पुस्तक धरायचं कसं, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

तळाच्या ओळीवर बोट ठेवून ते उजवीकडून डावीकडे सरकवत ती वाचू लागली. न अडखळता. पाठ केलं असेल म्हणून मी भलतंच पान काढून दिलं. तेही तिनं वाचलं. मी पुस्तक सरळ केलं, तशी ती म्हणाली, "असं न्हाय येत, बाई."

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं.

"माझं सासर कुंभारी," ती सांगू लागली. "सासरे दुपारी पाटावर पोथी ठिवून, बोट फिरवत वाचायचे. मी सून, शेजारी कशी बसणार? म्होरं धान्य निवडत बसायची. कानावर शब्द यायचा, डोळ्याम्होरं अक्षर. पर उलटं."

"पण एवढा खटाटोप कशासाठी?"

"माहेर माजं वैरागला. वडील वारले, त्ये मला म्हैन्यानं कळलं. कार्ड आलं हुतं की. सुगीचे दिवस, म्हणून सासऱ्यांनी 'समदी खुशाल हायती' असं वाचून दावलं. तवाच ठरवलं."

तीन वर्षं ती समोर बसून शिकली. मग माहेराहून आणखी एक कार्ड आलं. तिच्या भावाला मोडी लिपी येत नसे, तो पोथीतल्यासारखं बाळबोधच लिही. सासऱ्यांनी कार्ड पाटावर ठेवलं आणि वाचलं, 'आई बरी आहे, काळजी नसावी.'

"आन् मला म्होरनं दिसत हुतं, 'आई अत्यवस्थ. ताबडतोब धाडा.' अत्यवस्थ मंजी काय, ठावं न्हवतं. ताबडतोब तेवढं कळलं."

"मग?"

"सूप खाली ठिवलं. म्हनलं, मामंजी, तुमी वाचलं न्हाय ते मी वाचलंय. पोरीला कडंवर घेतली आन् निघाले. त्यांनी अडवलं न्हाय."

"आई भेटली?"

"व्हय. वळखलं मला. चार दिवस हुती."

ती परत सासरी गेली नाही, गिरणीत लागली.

त्या दिवशी घरी मी ट्रेनिंगची वही उघडली. अध्यापनाचे सगळे धडे मी घोकले होते. समोरची बाई काय गमावून इथवर आली असेल, हे विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली. तीच ओशाळली.

"पुस्तक तुम्हाला हवं तसं धरा," मी म्हटलं.

"न्हाय बाई, आता सरळच शिकवा. पोरगी होटगीला दिलीय, चार यत्ता शिकलीय. तिला कार्ड ल्ह्यायचंय."

तीन आठवड्यांत तिचं अक्षर सरळ झालं. ते पहिलं कार्ड तिनंच लिहिलं आणि तिनंच पेटीत टाकलं. मला ते दाखवलं नाही. मीही मागितलं नाही.